चोवीस तास सेवा, फक्त दहाचा डॉलर

२० सप्टेंबर, सकाळी ६.१०

जपानहून येऊन चार दिवस झाले. शरीर वडवणीत, मन तिकडंच. अभ्यास दौरा ठिबक सिंचन आणि पॉलीहाऊसचा होता. बावीस प्रगतिशील शेतकरी. एकवीस जणांनी पॉलीहाऊस बघितलं. मी भविष्य बघितलं.

नोंद करून ठेवतो, नाहीतर विसरेन. एका छोट्या रेल्वे स्टेशनावर तीन मशिनी. एकीतून डब्यातली गरम कॉफी. एकीतून छत्री. तिसरीतून सूप. खेड्यात रस्त्याच्या कडेला अंड्यांची मशीन, आजूबाजूला चिटपाखरू नाही. नाणं टाका, बटण दाबा, वस्तू घ्या, चालू लागा. कुणी विचारत नाही की गाव कोणतं, पाव्हणे कुणाचे, जमीन किती, पोरीचं जमलं का. प्रवाशाला याहून मोठं सुख नाही. टूर मॅनेजरला मला मशीनसमोरून तीनदा न्यायला यावं लागलं.

संकल्प: बीड जिल्ह्यातली पहिली प्रवासी-सुविधा व्हेंडिंग मशीन. जागा: स्टँडसमोरचा माझा गाळा.

२२ सप्टेंबर

गाळ्याचा इतिहास तपासला. आधी झेरॉक्स, मग मोबाईल रिचार्ज, मग फिल्टर पाण्याचे जार. तिन्ही धंदे बसले. लोक म्हणतात जागा लाभत नाही. अभ्यासाअंती माझ्या लक्षात आलं की तिन्ही धंद्यांत दोष एकच होता. तिथं माणूस बसत होता. मी. मशीनला हा दोष नाही.

दुपारी यूट्यूबवर सखोल अभ्यास. दुबईकडं मशीनमधून सोनं निघतं. चीनमध्ये जिवंत खेकडे. फ्रान्समध्ये ताजा पाव. इटलीत तीन मिनिटांत पिझ्झा. युरोपात कुठंतरी आपली बाटली लावायची आणि दूध भरून घ्यायचं, अपरात्रीसुद्धा. हे सगळं बायकोला, सत्यशीलेला, सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडं बी रात्री दूध मिळतंय की, म्हशीला उठवलं की. तिचा प्रवास फार झालेला नाही.

२४ सप्टेंबर

चाकणला जुन्या सामानाच्या डीलरकडं मशीन मिळाली. बंद पडलेल्या कंपनीच्या कँटीनमधली. फोटो मागवला. देखणी आहे.

पैशाचा प्रश्न आपोआप सुटला. दिवाळीनंतर आम्ही गणपतीपुळ्याला जाणार होतो. सत्यशीलेनं समुद्र बघितलेला नाही. लग्न झाल्यापासून म्हणते आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. मी शब्द दिलेला आहे, तोही अनेक वेळा. यंदा तिचे शेवया-पापडाचे आणि माझे सोयाबीनचे असे मिळून एका स्टीलच्या डब्यात जमले होते. डीलरनं सांगितलेला आकडा आणि डब्यातला आकडा जवळजवळ सारखा. याला संकेत म्हणतात.

समुद्र लाखो वर्षं तिथंच आहे, तो कुठं जात नाही. मशीन दुसरा कुणी उचलू शकतो. हे तिला नीट समजावलं. वर म्हणालो, महिनाभरात मशीनच तुला समुद्र दाखवील. ती काही बोलली नाही. म्हणजे संमती.

संध्याकाळच्या चहात साखर नव्हती. माझ्या तब्येतीची काळजी घेते आहे असं दिसतं.

३ ऑक्टोबर

मशीन आली. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं. उंचीला माझ्यापेक्षा अर्धा फूट जास्त. समोर काच, आत तीस स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंगेत माल अडकवायचा. नोटेच्या फटीवर चिकटपट्टी मारलेली आहे. डीलर फोनवर म्हणाला, नोट ऑप्शनल आहे. मोबाईलवरून पैसे घेण्याची सोय तिच्या काळात नव्हती. ती फक्त दहाचं नाणं घेते. मला हे आवडलं. जपान नाण्यावरच चालतो.

समोर जमीलचा फळाचा गाडा आहे, तीस वर्षं. केळी, मोसंबी, हंगामात सीताफळ. जपानला गेलेला नसल्यामुळं त्याला सगळं माहीत असतं. हनुवटी खाजवत म्हणाला, भाऊ, मशीन लई देखणी हाय. पर दहाचा डॉलर आपल्याकडं घेतंय कोण?

आमच्याकडं दहाच्या नाण्याला डॉलर म्हणतात, आणि तो कुणीही घेत नाही. किराणावाला घेत नाही, हॉटेलवाला घेत नाही, भाजीवाली तर हात मागं घेते. नाणं कायदेशीर आहे हे सगळ्यांना मान्य आहे. मान्य करून ते म्हणतात, नोट द्या. त्यामुळं चुकून आलेले डॉलर घरोघरी डब्यात पडून आहेत. मी जमीलला म्हणालो, हा फक्त सवयीचा प्रश्न आहे. तो म्हणाला, व्हय, सवयच हाय. म्हणजे त्यालाही पटलं.

बोर्ड रंगवून घेतला: चोवीस तास सेवा. माणूस नाही. बोर्डाखाली स्टूल टाकून बसलो, देखरेखीसाठी.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज मशीनची पूजा आणि शुभारंभ. नारळ, झेंडूचा हार, आपट्याची पानं. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. अक्षता वाहायच्या तर देवाच्या तोंडाकडं वाहाव्यात, आणि मशीनचं तोंड म्हणजे नाण्याची फट, अशा समजुतीनं बायकांनी अक्षता थेट फटीत सोडल्या. शेजारच्या मंजुळाबाई, वय ब्याऐंशी, यांनी वर एक रुपया दक्षिणा ढकलली.

मशीन बंद.

दोन तास मी मॅन्युअल वाचलं. मॅन्युअल चिनी भाषेत आहे, पण चित्रं चांगली आहेत. तेवढ्यात सत्यशीलेनं केसातला आकडा काढून अकरा तांदूळ आणि तो रुपया बाहेर काढला. मशीन सुरू. पहिलं गिऱ्हाईक मीच. खारीचा पुडा. पहिल्याच दिवशी धंदा झाला.

१५ ऑक्टोबर

निरीक्षणं.

प्रवासी येतो. मशीनकडं बघतो. मग माझ्याकडं बघतो आणि मला विचारतो, खारी ताजी हाय का? मी उत्तर देत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, बोर्डावर माणूस नाही असं लिहिलेलं आहे. प्रवासी थोडा वेळ थांबतो आणि जमीलकडं जाऊन केळी घेतो. जाताना जमीलला विचारतो, त्या पाव्हण्याला ऐकू येत न्हाई का.

आज दोन व्याही बीडच्या गाडीची वाट बघत होते. एकानं कुठून तरी डॉलर काढला. दुसऱ्यानं त्याचा हात धरला, म्हणाला, तुमी आमच्या गावात आलेत, पैसे आमी देनार. पहिला म्हणाला, ते न्हाई जमायचं. पाच मिनिटं एकमेकांचे हात ओढले. डॉलर पडून मशीनखाली गेला. गाडी आली, दोघंही गेले. खारी तशीच.

मूळ अडचण सापडली आहे. मशीन 'घ्या की' म्हणत नाही. आमच्याकडं तीनदा म्हटल्याशिवाय कुणी घोटभर चहासुद्धा घेत नाही. एकदा म्हटलं तर ते नुसतं विचारणं, दोनदा म्हटलं तर रीत, तिसऱ्यांदा म्हटलं तर खरं. जपानी कंपन्यांनी याचा विचार केलेला नाही.

उपाय: उद्यापासून स्टुलावरून मीच तीनदा 'घ्या की' म्हणणार. हे बोलणं धरायचं नाही. साऊंड सिस्टीम धरायची.

१८ ऑक्टोबर

जागतिक कल्पना स्थानिक मातीत रुजवावी लागते. म्हणून मशीनमध्ये सीताफळ. बीडचं सीताफळ प्रवाशाला बटण दाबताच. असं जगात कुठंही नाही, मी तपासलं.

जमीलकडूनच बारा नग घेतले. तो म्हणाला, पिकलं तर फुटतंय, कच्चं तर कोन खातंय. मी त्याला सांगितलं की चीनमध्ये खेकडे पडतात आणि पडूनही जिवंत राहतात. तो म्हणाला, खेकड्याला पाय असतेत भाऊ.

पहिलं सीताफळ वरच्या रांगेतून पडलं. फुटलं. दुसरं त्याच्यावर पडलं. तिसरं स्प्रिंगेत अडकून अर्धवट लोंबकळत राहिलं, ते काढायला गिऱ्हाईकानं मशीनला खांदा दिला आणि राहिलेली नऊ एकदम खाली आली. दुपारपर्यंत मुंग्या. काच उघडून सत्यशीलेनं सगळं धुतलं. मशीनची किल्ली तेव्हापासून तिच्याच जुडग्यात आहे, कपाट आणि कोठीच्या किल्लीशेजारी. धुताना विचारत होती, हे पुसायची बी मशीन असंल की तिकडं. तिला विषयात रस वाटू लागला आहे.

२३ ऑक्टोबर

पुन्हा फक्त खारी आणि बिस्किट. आजवरची एकूण विक्री नऊ पुडे. त्यातले सात मी घेतले. निष्ठावान गिऱ्हाईक कसं असतं ते मला आता आतून समजलं आहे. पँट घट्ट होते आहे.

सत्यशीलेनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवाळीनंतरच्या आठवड्याला काढलेली पेन्सिलीची खूण अजून तशीच आहे. पुसायची राहिली असावी.

२५ ऑक्टोबर

आजचा दिवस सोन्याचा.

सकाळी मंजुळाबाई आल्या. बटव्यातून चार डॉलर काढले. वर्षभर कुणी घेत नाही म्हणून सांभाळून ठेवले होते. विचारलं, ह्यो घेतोय का बाबा? मी बोललो नाही, बोटानं फट दाखवली. चारही घेतले. चार पुडे पडले. मंजुळाबाईंनी मशीनला हात जोडले आणि धारूरच्या गाडीत चढताना अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, तिथं डॉलर चालतोय.

२६ ऑक्टोबर

सकाळी आठच्या आत अकरा पुडे.

२८ ऑक्टोबर, दुपारी १२

रांग. खरोखरची रांग. दिंद्रुडहून दोघं मोटरसायकलवर आले. एक गृहस्थ थेट चकलांब्याहून, दोन गाड्या बदलून, कापडी पिशवी घेऊन. म्हणजे निम्मा जिल्हा ओलांडून माणूस बिस्किट घ्यायला येतो आहे. याला ब्रँड म्हणतात.

सगळे डॉलरच घेऊन येतात. लोकांना नाण्याची सवय लागली. जमीलला मुद्दाम दाखवलं. तो हसला. आजकाल तो फार हसतो. मित्राचं यश बघून होणारा आनंद वेगळाच असतो.

एकाला विचारलं, खारी देऊ की गोड? तो म्हणाला, कोनतं बी पडू द्या. मालावर इतका विश्वास मी कुठल्याच दुकानात बघितला नाही. दुसऱ्या एकानं तीस पुडे घेतले आणि स्टँडमागं बांधलेल्या म्हशीपुढं खारी ओतली. माल सर्व थरांत आवडतो आहे.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

डॉलरनं रंगाच्या दोन बादल्या भरल्या आहेत. सत्यशीलेनं पाटावर ठेवून पूजा केली. जपानमध्ये आपल्या मशीनला असं यश लगेच मिळालं असतं का, हा प्रश्न आहे.

आरती झाल्यावर तिनं हळूच विचारलं, मग आता समुद्र? मी म्हणालो, आधी नवा माल भरू दे, मशीन रिकामी होत आली आहे. ती ताट घेऊन आत गेली. वातावरण प्रसन्न होतं.

४ नोव्हेंबर

एक बादली घेऊन होलसेलवाल्या धोंडीरामकडं गेलो. धोंडीरामनं बादलीत डोकावून बघितलं. हात लावला नाही. आतल्या दोन माणसांना बघायला बोलावलं. म्हणाला, सुंदरराव, तुमी शिकल्यालं मानूस, परदेश फिरून आल्यालं, आन तुमाला कुनी एवढे डॉलर खपवले? मी कायदा सांगितला. तो म्हणाला, कायदा बरोबरच हाय. नोटा द्या.

येताना पेट्रोल. नाही. गिरणी. नाही. न्हाव्याकडं दाढी अर्धी झाल्यावर पैशाचा विषय काढला, ही माझी चूक. शिल्लक नोट सापडेपर्यंत वीस मिनिटं एका बाजूला फेस घेऊन बसलो.

बँकेत माणसं सभ्य होती. घेऊ म्हणाली. फक्त शंभर-शंभरच्या पिशव्या करून, मोजून, वर चिठ्ठी लावून आणा. मी उद्योजक आहे. नाणी मोजत बसायला मी काय देवस्थानचा पुजारी आहे? परत आलो. बादली जड होती.

६ नोव्हेंबर

शेवटच्या नोटा मोडून माल भरला. मशीन गच्च. गिऱ्हाईक चालूच.

दुपारी जमील गाडा सोडून माझ्या स्टुलाजवळ उकिडवा बसला. म्हणाला, भाऊ, राग नका मानू, तुमी आमचे म्हनून सांगतो. लोकं बिस्किटं घ्यायला येत न्हाईत. डॉलर सोडायला येतेत. मी त्याला सांगितलं की गिऱ्हाईकाचा हेतू बघायचा नसतो, सुविधा बघायची असते. तो म्हणाला, बरं. आणि एक मोसंबी सोलून दिली.

त्याच्या बोलण्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर ठरवत होतो.

८ नोव्हेंबर

आज तीनच गिऱ्हाईकं. काल पाच होती. मंदी सगळीकडंच असते. सिंगापूरलाही असेल.

१० नोव्हेंबर

सकाळी ताराबाई आल्या. सत्यशीलेच्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटातल्या अकराजणी गणपतीपुळ्याला निघाल्या आहेत, एसटीनं, बायकांना अर्धं तिकीट. ताराबाईंची बहीण रत्नागिरीला दिलेली. तिनं फोनवर सांगितलं की तिकडं डॉलर बिनधास्त चालतो, कुणी तोंडसुद्धा वाकडं करत नाही.

सत्यशीला मला म्हणाली, त्या बादल्या नेऊ का?

मी मोठ्या मनानं हो म्हणालो. एक नाही, दोन्ही बादल्या. मशीनच्या पोटातल्या पेटीतले काढून दिले. गल्ल्यातले दिले. देवघरातल्या वाटीतले दोन होते, तेही दिले. मी शब्द दिला होता की मशीनच तुला समुद्र दाखवील. दाखवते आहे. शब्द पाळणारी माणसं आता कमी झाली आहेत.

मग ती म्हणाली, चला की तुमी बी. ताराबाईंचे मालक येतेत, जागा हाय. मी म्हणालो, मशीनकडं कोण बघणार? थोड्या वेळानं, पिशवी शिवता शिवता, पुन्हा म्हणाली, चला की. मी म्हणालो, धंदा आहे. ती सुईत दोरा ओवायला लागली. दोनदाच म्हणाली. मी जरा वेळ तिथंच थांबलो होतो, पाणी प्यालो, परत एकदा पाणी प्यालो. मग स्टँडवर गेलो.

स्टँडवर एक मोठी घोषणा केली. सत्यशीला नसताना पाच दिवस मी फक्त मशीनवर जगणार. नाश्ता, जेवण, सगळं. परदेशात माणसं जगतात, मीही जगून दाखवणार. हॉटेलात चहा पीत बसलेली दहा-बारा मंडळी साक्षीला. मंदीवर याहून चांगली जाहिरात नाही.

१२ नोव्हेंबर

सत्यशीला दशम्या करत होती. माझ्यासाठी वेगळ्या डब्यात काढायला लागली. मी नको म्हणालो, प्रयोग बिघडेल. ती म्हणाली, खरंच नगं? मी म्हणालो, खरंच. तिनं त्या दशम्या आपल्या फडक्यात बांधल्या. वास चांगला येत होता.

१३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

साडेसहाच्या गाडीनं गेल्या. प्रत्येकीच्या खांद्याला डॉलरची कापडी पिशवी. चढताना कंडक्टर म्हणाला, मावशी, काय दगडं नेताव का? सत्यशीला नवी हिरवी साडी नेसली होती, ती भाचीच्या लग्नातसुद्धा काढली नव्हती. खिडकीजवळ बसली. मी मशीनजवळून हात केला. तिनं बघितलं नाही. डोळ्यावर ऊन आलं असावं.

आजपासून प्रयोग. नाश्ता गेल्या आठवड्यात विकत घेऊन ठेवलेली खारी.

१३ नोव्हेंबर, दुपारी १.१५

किरकोळ तांत्रिक अडचण. दुपारच्या जेवणासाठी बटण दाबायला गेलो आणि लक्षात आलं की माझ्याकडं डॉलर नाही. एकही नाही. सगळे दिले.

किल्लीनं काच उघडू म्हटलं. किल्ली सत्यशीलेच्या जुडग्यात. जुडगं तिच्या कमरेला. ती कुठल्या तरी घाटात. फोन लागत नाही.

हरकत नाही. वडवणीत डॉलर काय कमी आहेत.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

दहाची नोट घेऊन फिरलो. किराणा, भाजी, पानटपरी, रिक्षा स्टँड. प्रत्येकाला म्हणालो, नोट घ्या, डॉलर द्या. लोक माझ्याकडं विचित्र बघत होते. या गावात असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी ज्यानं साठ डॉलर माझ्या मशीनमध्ये घातले तो म्हणाला, लई दिवस झाले सुंदरराव, डोळ्यानं बी बघितला न्हाई. मंजुळाबाईंनी बटवा उलटा करून दाखवला. त्यातून एक सुपारी निघाली.

गावात डॉलर उरलेला नाही. जिल्ह्यातच नसावा. मी एकट्यानं पंधरा दिवसांत गोळा केला. एरवी हे मोठं काम म्हणायला हवं.

१४ नोव्हेंबर, सकाळी ११

हॉटेल समोरच आहे. भज्यांचा घाणा चालू आहे. पण घोषणा ऐकलेली मंडळी तिथंच बसलेली असतात, उठतच नाहीत. एकानं विचारलं, काय सुंदरराव, आज काय जेवलात मशीनमधून? मी म्हणालो, विविध.

घरी पीठ आहे कोठीत. कोठीला कुलूप आहे. ती किल्लीही त्याच जुडग्यात.

कॅलेंडरात बघितलं, आज कसलाही उपवास नाही. तरी धरला.

काचेतून मोजलं. बटर खारीचे सतरा पुडे, जिरा बिस्किट बावीस, शेंगदाणा चिक्की नऊ. चिक्की मी कधी चाखलेली नाही. मशीनला एकदा खांदा देऊन बघितला. आता खांदा दुखतो आहे.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४०

सत्यशीलेचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसता आवाज, गाडीचा असावा तसा. मग कळलं की तो समुद्र आहे.

तिनं फोन ताराबाईंकडं दिला होता. हिरवी साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उभी होती. लाट आली की मागं पळायची, लाट गेली की पुन्हा पुढं. हसत होती. असं हसणं मी कधी ऐकलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला बहुतेक, बैल माझ्या अंगावर आला होता तेव्हा.

मग फोन हातात घेऊन सांगत सुटली. शहाळंवाल्यानं सगळे डॉलर घेतले, वर विचारलं अजून हायत का, सुट्ट्याची लई टंचाई. घोडागाडीवाल्यानं घेतले. लॉजवाल्यानं मोजून घेतले आणि थँक्यू म्हणाला. आन पानी खरंच खारट हाय, म्हणाली, मी चाखून बघितलं. फोन पाण्याकडं फिरवला. बराच वेळ तसाच धरला. सूर्य खाली चालला होता. मी फोन कानाला लावला.

तिनं विचारलं, आवाज येतोय का? मी म्हणालो, नेटवर्क तुटतंय. तुटत नव्हतं. तिनं विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, हो.

किल्लीचं विचारलं नाही. ती एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

जमील गाडा आवरत होता. त्याला नोट दाखवून शेवटचं विचारलं, एक डॉलर आहे का. तो म्हणाला, भाऊ, साऱ्या मुलखाचे डॉलर तुमीच गोळा केलते, आन वैनी समुद्राला घेऊन गेल्या. आता रत्नागिरीला सांगावा धाडावा लागंल.

मग म्हणाला, तुमी कावून न्हाई गेलते?

मी म्हणालो, मशीनकडं कोण बघणार. जमीलनं मशीनकडं बघितलं. बोर्डाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यानं चांगलं केलं. चार केळी काढली, हॉटेलातून दिसणार नाही अशा बेतानं मशीनच्या मागं नेऊन ठेवली, आणि म्हणाला, घ्या.

मी नको म्हणालो.

तो पुन्हा म्हणाला नाही. गाड्यावर ताडपत्री टाकून निघून गेला. थोड्या वेळानं मशीनच्या मागं गेलो आणि चारही खाल्ली.

मला जायचं होतं. मला तिच्याबरोबर समुद्र बघायचा होता.